पौषातल्या घोड्या आणि उमरझिरीचं पाणी

पौष लागून चार-पाच दिवस झाले होते. शनिवारी सकाळी सातला मी गाडी काढली तेव्हा काचेवर इतकं दव होतं की वायपर तीनदा फिरवावे लागले. शेजारी आई बसली होती, कानाला मफलर गुंडाळून, मांडीवर डबा घट्ट धरून. डिकीत ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून मागून आणलेला तंबू, चार ब्लँकेटं, एक सतरंजी आणि पाण्याचा मोठा कॅन. आम्ही दोघी उमरझिरीला निघालो होतो. नागपूरहून पावणेदोन तास, पारशिवनीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी हे लहानसं गाव आहे. तिथे एक दिवस, एक रात्र राहायचं, सगळं नीट पाहायचं आणि रविवारी परत यायचं, एवढाच बेत होता.

हा बेत मुळात आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटाचा. आम्ही नऊ जणी. दरवर्षी कुठेतरी देवदर्शनाला जायचं, हॉटेलात उतरायचं, खरेदी करायची आणि परत यायचं, याचा सगळ्यांना कंटाळा आला होता. यंदा तंबूत राहू, घोड्यावर बसू, झऱ्यात डुंबू, असं कोणीतरी म्हणालं. आठ जणींनी टाळ्या वाजवल्या आणि तयारी नववीच्या, म्हणजे माझ्या गळ्यात टाकली. मी सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. याद्या करणं माझ्या हाताला लागलेलं आहे, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. आधी मी जागा पाहून यायचं, मग सगळ्यांचं शिबिर, असं ठरलं.

घोडे मिळाले ते नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात. ब्लाऊजपिसं घ्यायला गेले होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक पांढरीशुभ्र घोडी शांतपणे कडबा खात उभी दिसली. तिचे मालक प्रल्हादभाऊ, पन्नाशीचे, कपाळावर गंध, अंगात जुना स्वेटर. वरातीला घोड्या देणं हा त्यांचा धंदा. मी सहज विचारलं, या घोडीवर आमच्यासारख्या बायकांना बसता येईल का?

"काहून नाई येणार, ताई?" ते म्हणाले. "आता पौषात लग्नं नसते. घोड्या रिकाम्या उभ्या राह्यते न बिमार पडते. मी त्याइले सासरवाडीले नेऊन ठेवतो, उमरझिरीले. तिथं मोकळं रान हाय. झिरा (झरा) हाय, बाराही महिने पाणी. तुम्ही तिथंच या ना."

त्या दिवशी घरी येऊन मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. आई समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी म्हणाले, "पण आपल्यापैकी पोहता कोणालाच येत नाही. म्हणजे काठावर पाय सोडून बसायचं, दुसरं काय?"

आई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "मले येते."

मला वाटलं ती दुसऱ्याच कशाबद्दल बोलतेय. फोन बाजूला धरून विचारलं, "काय येते?"

"पोवता येते मले."

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून चार वर्षं आई माझ्याकडेच राहते. तिला कोणती भाजी आवडत नाही, कोणत्या कुशीवर झोप लागते, सगळं मला ठाऊक. आणि तिला पोहता येतं हे मला त्या संध्याकाळी, शेंगांच्या ढिगाऱ्यापलीकडून कळलं. तिचं माहेर खाप्याचं, कन्हान नदीच्या काठचं. अकराव्या वर्षी ती या काठावरून त्या काठाला जात होती म्हणे, पलीकडच्या वाडीतल्या काकड्या आणायला.

"मग मला का नाही शिकवलं?" मी विचारलं. हा प्रश्न साधा नव्हता. सहावीत असताना वर्गातल्या दोन मुली पोहायला जायच्या. मीही हट्ट धरला होता आणि आईने "पाणी वाईट असते" एवढं बोलून विषय संपवला होता. तो नकार मला चांगला आठवत होता.

"तेव्हाची गोष्ट येगळी होती," ती म्हणाली आणि दाण्यांची परात उचलून स्वयंपाकघरात गेली. तिथूनच तिने सांगितलं, "तू पाहाले जाशीन तेव्हा मी येतो तुह्यासोबत." (आमच्याकडे बायकाही 'येतो', 'जातो' असंच म्हणतात.)

आई एकाहत्तर वर्षांची. रक्तदाबाची गोळी रोजची. मी तिला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मनातून त्यांनी नाही म्हणावं अशी इच्छा धरून. त्यांनी तपासलं, हसले आणि म्हणाले, "एकदम उडी मारायची नाही, एकटीने उतरायचं नाही, दम लागला की बाहेर." आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिचं नाव यादीत लिहूनच टाकलं.

तर अशा आम्ही दोघी. वाटेत एका टपरीवर तर्री-पोहे (तिखट रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. आईने तर्री दोनदा मागितली आणि नाक पुसत पुसत संपवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीला शेंगा लगडल्या होत्या, मधूनमधून वेचायचा राहिलेला कापूस पांढरा दिसत होता. पारशिवनी मागे टाकली आणि डोंगर जवळ आले. शेवटचे चार किलोमीटर कच्चा रस्ता. गाडीचा तळ दोनदा दगडाला घासला. दोन्ही वेळा आई "हळू वं" म्हणाली आणि दोन्ही वेळा घासून झाल्यावर म्हणाली.

गावाच्या तोंडाशी प्रल्हादभाऊ उभे होते. त्यांची बायको कांताबाई या गावची लेक. तिच्या भावाच्या शेतात, एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली सपाट जागा होती. तिथेच तंबू लावायचा होता. तंबूसोबत आलेल्या कागदावर चित्रं होती, पण ती पाहून आम्ही चौघांनी जे उभं केलं ते एका बाजूला झुकलं. ज्या भोकात काठी घालायची ते भोक तंबूच्या आतल्या बाजूला आलं होतं. प्रल्हादभाऊ लांब जाऊन डोकं तिरपं करून पाहत होते.

"ताई, हे उलटं झालं वाटते."

कांताबाई म्हणाली, "उलटं काहून असन? दार तं समोर हाय."

शेवटी सगळं उकलून पुन्हा लावलं. यादीत मी लिहून ठेवलं: तंबू आदल्या दिवशी गच्चीवर एकदा लावून पाहणे.

झिरा तिथून अडीच-तीन किलोमीटर. वाट शेतांच्या बांधाने, मग टेकडीच्या उतारावरून, बैलगाडी जाईल एवढी रुंद. प्रल्हादभाऊंकडे त्या वेळी दोन जनावरं होती. जरीपटक्यात पाहिलेली पांढरी घोडी, तिचं नाव मैना, आणि शेरू नावाचं बुटकं तपकिरी तट्टू. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला शेरूवर बसवलं. ती ओट्यावरून पाय टाकून अशी बसली की जणू रोज बसते. मला मैनेवर चढायला दोघांचा आधार आणि तीन प्रयत्न लागले. वर गेल्यावर जमीन फार लांब दिसायला लागली.

"भेऊ नका, ताई," प्रल्हादभाऊ लगाम धरून म्हणाले. "हिच्यावर आजवर किती नवरदेव बसले. त्याइचे पाय तुमच्यापेक्षा जास्त थरथरत होते."

घोडी चालते तेव्हा आपली कंबर तिच्याबरोबर हलू द्यायची, हे मला गावच्या विहिरीपर्यंत पोहोचेस्तोवर समजलं. विहिरीच्या पुढे शाळा लागली. तिथे स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. आम्ही फाटकासमोर आलो आणि आतल्या लाऊडस्पीकरवर, लग्नाच्या वरातीत हमखास वाजतं असलं एक गाणं जोरात सुरू झालं.

मैनेने कान टवकारले. मला तिच्या पाठीत एक लहर गेल्यासारखं जाणवलं. आणि ती नाचायला लागली.

म्हणजे खरंच नाचायला लागली. पुढचा एक पाय, मग दुसरा, मान वरखाली, मग जागच्या जागी एक गोल फेरी. मी ओरडले की नाही आठवत नाही. चष्मा उडून गवतात पडला. दोन्ही हातांनी मी तिची आयाळ धरली होती. शाळेतली सगळी पोरं फाटकापाशी धावली आणि टाळ्या वाजवू लागली.

"थांबवा ना हिला!"

"थांबत नाई ते, ताई!" प्रल्हादभाऊ तिच्यासोबत गोल फिरत म्हणाले. "शिकवेलच हाय तिले तसं. गाणं संपू द्या. कंबर ढिली सोडा!"

एका शिक्षिकेला दया आली असावी, गाणं बंद झालं. मैना एक पाय हवेत असतानाच थांबली, तो खाली ठेवला आणि गवताकडे मान वळवली. मागे शेरूवर आई पदर तोंडाशी धरून हसत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी चिडून तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "बेबी, तुह्या लग्नात नवरदेव स्कुटरवर आला होता. त्याची कसर निघाली पाह्य."

मग मलाही हसू आवरलं नाही. चष्मा कांताबाईने शोधून दिला, काच शाबूत होती. यादीत लिहिलं: शाळेच्या बाजूने जाऊ नये, किंवा जावंच.

उतारावर जनावरांचा श्वास, खुरांचा आवाज आणि मधूनच एखाद्या पाखराची शीळ, एवढंच ऐकू येत होतं. पळस अजून फुलला नव्हता, पण सागाची पानं वाळून वाटेवर पडली होती आणि खुरांखाली पापडासारखी मोडत होती. दुपारी बाराच्या सुमारास आम्ही झिऱ्यावर पोहोचलो.

उंबराचं जुनं झाड. त्याच्या मुळांखालच्या काळ्या खडकाच्या फटीतून पाणी येतं. आवाज अजिबात नाही. तळाच्या वाळूतून बारीक बुडबुडे वर येत राहतात, तेवढ्यावरून कळतं की पाणी जिवंत आहे. पुढे डोह, आमच्या इमारतीच्या पार्किंगएवढा. पाणी इतकं स्वच्छ की तळाशी बसलेली पानं मोजून घ्यावीत. पलीकडून ते ओहोळ होऊन खालच्या शेतांकडे जातं. कांताबाई लहानपणापासून इथे पोहलेली. तिने हात करून दाखवलं, "या कडंनं कमरेएवढं. मधात दोन पुरुष खोल. तिकडं खडकापाशी पुन्हा छातीएवढं."

प्रल्हादभाऊ घोड्यांना घेऊन खाली ओहोळाकडे गेले. आईने झाडामागे जाऊन माझा जुना पंजाबी ड्रेस घातला. तिला साडीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते. ती लहान दिसत होती, आणि जरा परकी. मीही पायजमा वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले.

आई पाण्यात गेली. गुडघे, मांड्या, कंबर. तिथे थांबली. दोन्ही तळवे तिने पाण्यावर ठेवले, चादरीच्या सुरकुत्या मोडाव्यात तसे फिरवले. एक मिनिट गेलं, दोन गेली. ती वाकली, हात पुढे केले, आणि पुन्हा ताठ झाली.

"पाय उचलत नाई वं," ती म्हणाली. "मी म्हणतो उचल, अन् ते उचलत नाई."

"राहू दे, आई. ये बाहेर."

ती बाहेर आली. मी टॉवेलने तिची पाठ पुसली. तिच्या मनगटांवर काटा आला होता. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

उन्हात खडकावर बसून आम्ही डबा उघडला. मेथीचे पराठे आणि सांबारवडी (आम्ही नागपूरकडचे लोक कोथिंबिरीला सांबार म्हणतो). कांताबाईने पुरचुंडीतून भिवापुरी मिरचीचा ठेचा काढला. एक घास खाल्ल्यावर आमच्या तिघींच्याही नाकातून पाणी यायला लागलं. जेवण झाल्यावर कांताबाई काटक्या वेचायला गेली आणि आई आपणहून बोलायला लागली.

"लग्न झालं त्या वर्षी कार्तिकात आम्ही रामटेकले गेलो होतो. अंबाळ्याच्या तलावावर. तुह्या आजोबांचं सगळं घर होतं. बायका पायरीवर बसून तांब्यानं आंघोळ करून राहिल्या होत्या. मी एकोणीस वर्षांची. पाणी पाह्यलं न भान राह्यलं नाई. दहा हात गेली अन् आली. बस तेवढंच. आजोबा वरच्या पायरीवर होते."

"रागावले?"

"नाई ना. तेच तं. एक शब्द बोलले नाई. घरी आल्यावर आजीले म्हणाले, 'सुनेला सांगा, नदी माहेरी राहिली.'" आजोबांची शुद्ध बोली तिने तशीच्या तशी काढली. "मले कोणी मारलं नाई, बोललं नाई. म्हणून भांडताही आलं नाई."

"आणि बाबा?"

"ते हसले. त्याइले ते वाक्य चांगलं वाटलं."

उंबराचं एक फळ टपकन पाण्यात पडलं. मासे त्याच्याभोवती जमले. मी म्हणाले, "पण मी सहावीत असताना? तेव्हा तर आजोबा नव्हते."

आई माशांकडेच पाहत होती. "तू पाण्यात गेली असती तं मले काठावर उभं राहणं जमलं नसतं, बेबी. म्हणून नाई म्हटलं."

इतकी वर्षं मी त्या नकाराला तिचा घाबरटपणा समजत आले होते. मी उगाच डब्याची झाकणं लावत बसले. तिने माझ्या हातातलं झाकण काढून घेतलं. मी ते चुकीच्या डब्याला लावत होते.

संध्याकाळी मोहाखाली शेणाच्या गोवऱ्यांचा विस्तव केला. कांताबाईने रोडगे (गव्हाच्या कणकेचे विस्तवात भाजलेले गोळे) भाजले, वर तूप ओतलं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. मी तीन रोडगे खाल्ले, आईने दोन. प्रल्हादभाऊ वरातीचे किस्से सांगत होते. एका गावात नवरदेव बसल्यावर मैना नाचत नाचत चुकीच्या मांडवात शिरली होती. तिथेही लग्नच होतं, आणि तिथल्या लोकांनी नवरदेवाला ओवाळून घेतलंसुद्धा. आई हसत होती, पण मध्येच झिऱ्याच्या वाटेकडे पाहायची. नऊच्या आत आम्ही तंबूत शिरलो. चार ब्लँकेटं कमी पडली. यादीत लिहिलं: माणशी तीन.

सकाळी मी जागी झाले तेव्हा आई आधीच उठून, पंजाबी ड्रेस घालून, वर स्वेटर चढवून तंबूच्या दाराशी बसली होती.

"कांताबाई म्हणते, हिवाळ्यात सकाळी झिऱ्याचं पाणी कोमट राह्यते. चालतं का?"

बाहेर तोंडातून वाफ निघत होती. मी हो म्हणाले.

कांताबाईला घेऊन झिऱ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन नुकतंच उंबराच्या शेंड्याला लागलं होतं. डोहावरून धूर निघावा तशी वाफ वर चालली होती. मी हात घातला तर पाणी खरंच कोमट. प्रल्हादभाऊंनी मला एक लांब दोर दिला होता. तो आईच्या कमरेला बांधावा, दुसरं टोक उंबराला, असा माझा विचार.

आई मागे सरली. "दोर? मी का म्हैस हावो?"

"आई, मध्ये दोन पुरुष पाणी आहे."

"मले पोवता येते. तुले नाई येत. तू बांध."

कांताबाई पदरात तोंड लपवून हसायला लागली. शेवटी दोर माझ्याच कमरेला बांधला गेला आणि टोक कांताबाईने उंबराला एक वेढा देऊन हातात धरलं. मी पुढे झाले, छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिले. आई माझ्या मागून आली, माझ्या शेजारी थांबली, आणि या वेळी हात वगैरे काही फिरवले नाहीत. एकदा लांब श्वास घेतला आणि पाय उचलले.

ती पोहत होती. मान वर, हात पाण्याखालून दोन्हीकडे सारत. वाफेत तिचं पांढरं डोकं पुढे पुढे जात होतं. "जमून राहिलं वं!" ती ओरडली, कोणाला ते माहीत नाही. मी तोंडावर हात धरून उभी.

डोहाच्या मधोमध ती थांबली. डोकं जरा खाली गेलं. मग पूर्ण खाली गेलं.

मी पुढचा विचार केलाच नाही. "आई!" म्हणून पुढे पाऊल टाकलं आणि पायाखालची वाळू संपली. नाकातोंडात पाणी. वर उजेड दिसत होता, पण तिकडे जायचं कसं ते कळत नव्हतं. मग कमरेला हिसका बसला. कांताबाई दोर ओढत होती. त्याच वेळी कोणीतरी माझी वेणी मुळापाशी धरली आणि मान पाण्याबाहेर काढली.

आई होती.

"हातपाय मारू नको! मारू नको म्हणतो ना! ढिली पड!"

माझे पाय वाळूला लागले तेव्हा मी खोकत होते आणि रडतही होते. आई माझ्यापुढे उभी, दम लागलेली, पण डोळे लख्ख. "काहून आली तू मधात?"

"तू बुडालीस ना!"

"बुडाली नाई. दम लागला, म्हणून उताणी व्हाले गेली, तं पाणी तोंडात गेलं. दम लागला का उताणं व्हायचं, नदीत असंच करो आम्ही." मग तिने माझ्या तोंडावरचे केस बाजूला केले, आणि हळू आवाजात म्हणाली, "लय भेली का?"

मी मान हलवली. काठावर कांताबाईने दोराचं टोक अजून सोडलं नव्हतं. "बाप्पा, आई! माहा जीव गेला होता," ती म्हणाली, आणि सगळ्यात आधी आईच हसली.

दहा मिनिटं आम्ही काठावर उन्हात बसलो. तिची नाडी मी दोनदा पाहिली. ती ठीक होती, माझीच धावत होती. मग आई उठली आणि माझा हात धरून म्हणाली, "चाल. भेव घेऊन घरी गेली तं पुन्हा येणार नाई तू."

कमरेएवढ्या पाण्यात तिने मला आडवं केलं. तिचा तळवा माझ्या पाठीखाली. "पोट वर. कान बुडू दे. आभाळाकडं पाह्य." कान बुडाले आणि जगाचा आवाज बंद झाला. वर उंबराची पानं, त्यांच्यामधून ऊन. तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. पाठीखालचा हात कधी निघाला ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी घाबरून वाकले आणि बुडाले. पण त्याआधी काही क्षण मी पाण्यावर होते, आपली आपण. आम्ही ते पुन्हा केलं, आणि पुन्हा. ऊन डोहावर आलं, वाफ विरली, तरी आम्ही पाण्यातच होतो.

दुपारी तंबू उतरवला. कांताबाईने वाटेत खायला तुरीच्या उकडलेल्या शेंगा बांधून दिल्या. आईचा हात धरून ती म्हणाली, "पौष सरायच्या आत सगळ्याजणी याल ना? तुम्ही या बरं आई, तुम्ही."

"येतो," आई म्हणाली. "ते आठजणी आहेत ना, त्याइले कोण उताणं करन?"

परतीच्या वाटेवर मी मनात शिबिराची यादी पुन्हा लावली. दोर दोन आणायचे. एका वेळी दोघींनीच उतरायचं, आई सांगेल तिथपर्यंतच. सुरुवातीला तंबू, डबे, दवाखाना किती लांब, घोडे किती, हे सगळं मी काळजीने विचारून घेतलं होतं. पण माणसांना काय काय येतं, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. घरातल्या माणसालाही नाही. प्रवासाला निघताना आपण नवी जागा पाहायला निघतो. मी दीड दिवसात एक डोह पाहिला, एक नाचरी घोडी पाहिली, आणि एकोणीस वर्षांची एक मुलगी पाहिली, जी दहा हात गेली आणि परत आली.

आई पारशिवनीनंतर झोपली. ओले केस खांद्यावर मोकळे, डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. शहरात शिरलो, एका सिग्नलला थांबलो, तेव्हा तिने डोळे उघडले आणि आपण कुठे आहोत ते पाहिलं.

"थकलीस का?" मी विचारलं.

तिने दोन्ही खांदे एकदा फिरवून पाहिले.

"हो वं," ती म्हणाली. "कामानं थकतो तशी नाई. पोवून थकली. किती वर्षांनी!"

आणि पुन्हा डोळे मिटले. दिवा हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी अगदी सावकाश पुढे काढली.